मदत हवी आहे: आईला, मावशीला कॅन्सर, लेकीचं काय करू?

नमस्कार डॉक्टर मंडळी. नागपुरात मानेवाड्याला माझा दवाखाना आहे. शाळेत असल्यापासून माझ्याकडे येणारी एक मुलगी आता ३४ वर्षांची आहे. तिच्या आईला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, सख्खी मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. परवा तापासाठी आली होती, उठता उठता म्हणाली, "डॉक्टर, मलाही होईल का हो?"

आईत बीआरसीए या जनुकाचा दोष (ज्यामुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) असेल तर तो लेकीत उतरण्याची शक्यता ५० टक्के, एवढं मी सांगितलं. चाचणी आधी आईची व्हायला हवी. तिच्यात दोष सापडला तरच लेकीच्या निगेटिव्ह रिपोर्टला खरा अर्थ. पण आई ऐकत नाही. "धाकटीचं लग्न व्हायचं आहे, असला कागद घरात नको," म्हणते. तिची भीती मला समजते, म्हणूनच जोर करवत नाही.

जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात जनुकीय समुपदेशन मिळतं का? की मुंबईला टाटामध्येच पाठवू? खर्च किती येतो? तोवर मॅमोग्राफीसोबत एमआरआयही सुरू करावा का? या वयात स्तन दाट असतात, नुसत्या मॅमोग्राफीवर माझा भरवसा नाही.

आणि आईशी कसं बोलू? असं घर कुणी हाताळलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. सोमवारी दोघी येणार आहेत.