मायवानच्या फ्लॅटमध्ये शेवटच्या बेडरूमला वाय-फाय पोहोचत नाही. मोठा राऊटर घ्यावा का?

घोडबंदर_१४वा_मजला
नमस्कार मंडळी. ठाण्यात ३ बीएचके, मायवान बांधकाम (साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती). २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. मुख्य दाराशेजारच्या लोखंडी डब्यात कंपनीचा ओएनटी (फायबरवरचे नेट लॅन केबलवर आणणारे यंत्र) आहे, त्याला वाय-फाय नाही. तिथून बिल्डरने टाकलेली लॅन केबल हॉलमध्ये टीव्हीच्या पॉइंटला येते आणि तिथे एसी १२०० (वाय-फाय ५) राऊटर लावला आहे. हॉलमध्ये फोनवर ९०-९४ मिळतात, त्यावर कधीच नाही. मधल्या बेडरूममध्ये ३०-३५, शेवटच्या खोलीत ५-६ आणि व्हिडिओ कॉल सारखा तुटतो. दुकानदार सहा अँटेनांचा ७ हजारांचा राऊटर घ्या म्हणतो, शेजारी रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा) लावा म्हणतात. काय करावे?

तारजोड
तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने दोन्ही जाणार नाहीत.

हॉलमधला ९४ हा आकडा बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या लॅन जोडणीतून प्रत्यक्षात ९४-९५ च हाती लागतात. म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएस) १०० वर बसली आहे. वाय-फाय कमकुवत असते तर आकडा खालीवर झाला असता, असा एका जागी अडला नसता.

लॅपटॉपला चांगली पॅच कॉर्ड लावून आधी थेट ओएनटीवर स्पीड बघा, मग तोच लॅपटॉप हॉलच्या पॉइंटला. प्रत्येक ठिकाणी लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड काय दिसतो तेही लिहा. ओएनटीवर कंपनीचा युजरनेम-पासवर्ड टाकावा लागला तर तो लॅपटॉपमध्ये पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी) जोडणी करून टाका. राऊटरच्या खालचा मॉडेल नंबर वाचून पोर्ट १०/१०० आहेत की १०/१००/१०००, तेही पाहा. एसी १२०० वर्गातल्या बऱ्याच स्वस्त राऊटरना १०० चेच पोर्ट असतात. खोक्यावरचे १२०० म्हणजे दोन्ही बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) कागदावरची बेरीज, ३०० आणि ८६७. पोर्टशी तिचा काही संबंध नाही.

घोडबंदर_१४वा_मजला
ओएनटीवर लिंक १०००, स्पीड २०४. हॉलच्या पॉइंटला लिंक १००, स्पीड ९५. राऊटरचे पोर्टही १०/१०० निघाले.

तारजोड
मग फायबर आणि कंपनी दोघेही सुटले. हॉलच्या पॉइंटची प्लेट उघडा. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. बिल्डरचे इलेक्ट्रिशियन पुष्कळदा एकाच केबलमधून नेट आणि फोन दोन्ही काढतात, निळी जोडी टेलिफोनच्या पॉइंटला वळवतात आणि तपकिरी तशीच कापून ठेवतात.

तसे असेल तर दोन्ही टोकांना नव्याने जोडा, टी ५६८ बी क्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सगळ्यात जास्त चूक होते ती मध्ये. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे ३ आणि ६ वर बसते. शेजारी शेजारी ३ आणि ४ वर लावली तर साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, पण जोडीचा पीळ चुकलेला असल्यामुळे लिंक अडखळते. जोडाजवळ पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका.

काँक्रीटकर
शेवटच्या खोलीबद्दल. मायवानमध्ये आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात, सळयांची जाळी घातलेल्या सलग काँक्रीटच्या असतात. ५ गिगाहर्ट्झ अशा दोन भिंतींपलीकडे जवळपास संपतो. २.४ थोडा पुढे जातो, पण टॉवरमध्ये त्या बँडवर वरच्या-खालच्या-शेजारच्या सगळ्यांचे राऊटर बसलेले असतात.

सहा अँटेनांनी इथे फारसे काही बदलणार नाही. राऊटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनला उत्तर द्यायचे असते ते आपल्या चिमुकल्या अँटेनातून, त्याच भिंतींमधून. म्हणून काड्या भरलेल्या दिसतात आणि कॉल मात्र तुटतो. एका रेडिओचा रिपीटर तर ऐकतो आणि बोलतो त्याच रेडिओवर, त्यामुळे वेग निम्मा होतो. शिवाय शेवटच्या खोलीत लावला तर त्यालाच मुळात ५-६ मिळणार.

खरा उपाय एकच. शेवटच्या खोलीपर्यंत केबल न्या आणि तिथे दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले नेट फक्त वाय-फायवर देणारा) म्हणून लावा. मायवानची भिंत फोडू नका, सोसायटीही परवानगी देणार नाही. बेडरूममध्ये टीव्हीचा पॉइंट असेल तर त्याचा पाइप बहुधा दाराजवळच्या त्याच डब्यात येतो. त्यातून कॅट ६ ओढा. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र नेऊ नका. पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी.

केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. स्वस्त केबलवर बारीक अक्षरात ‘सीसीए’ लिहिलेले असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ती पाइपच्या वळणावर तुटते, आणि मग तेच ९४ चे रडगाणे.

चॅनेल_छत्तीस
काँक्रीटकरांशी सहमत. खर्चही आटोक्यात राहील. २०० च्या प्लॅनला हॉलमध्ये गिगाबिट पोर्टचा एएक्स १५०० (वाय-फाय ६) वर्गातला साधा राऊटर पुरेसा आहे. सध्याचा एसी १२०० टाकू नका, तोच शेवटच्या खोलीत लावा. त्या खोलीत ९४ मिळाले तरी कॉलला भरपूर झाले.

जुन्याची मांडणी: रिसेट करा, लॅपटॉप केबलने जोडा, मेनूत ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा लॅन पत्ता नव्या राऊटरच्या रांगेत आणा (नवा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि हा पत्ता नव्याच्या डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या, यादीबाहेर ठेवा), मग याचा डीएचसीपी बंद करा. या हातच्या पद्धतीत केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात नाही, लॅन पोर्टात लावायची. डीएचसीपी चालू राहिला तर दोन दिवस सगळे ठीक वाटते, मग एखाद्या फोनला चुकीचा गेटवे (नेटकडे जाण्याचा पत्ता) मिळतो आणि फक्त त्याच फोनचे नेट जाते. हा दोष शोधताना माणूस वेडा होतो.

वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षा प्रकार दोन्हीकडे तंतोतंत सारखे, चॅनेल मात्र वेगळे. २.४ वर एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केलीत तर शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९, रुंदी ८०. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राऊटरला ते सोडावे लागते, आणि असा चॅनेल पकडण्याआधी निदान मिनिटभर ऐकत बसावे लागते. ‘मध्येच वाय-फाय गायब होऊन परत येते’ या तक्रारीमागे कधी कधी हेच असते.

सुरक्षा डब्ल्यूपीए २ एईएस, किंवा २ आणि ३ मिश्र. टीकेआयपी (जुनी सुरक्षा पद्धत) कुठेही राहू देऊ नका, त्याने वेग ५४ वर अडकतो.

घोडबंदर_१४वा_मजला
निळी जोडी खरेच फोनच्या पॉइंटला गेली होती. बेडरूमच्या पाइपमध्ये जुनी टीव्हीची केबल आहे. तिलाच बांधून ओढली तर चालेल? आणि हॉलचा राऊटर बदलल्यावर कंपनीचे काही करावे लागेल का?

काँक्रीटकर
चालेल. आधी जुनी केबल हलते का बघा. कॅट ६ च्या जोड्या पायरीपायरीने कमी-जास्त लांबीच्या कापून जुनीला गुंडाळा, म्हणजे गाठ जाड होणार नाही, वरून इन्सुलेशन टेप घट्ट. सोबत नायलॉनची एक दोरीही ओढून ठेवा, पुढे उपयोगी पडते. एकाने ढकलायचे, दुसऱ्याने ओढायचे. साधारण ११ किलोपेक्षा जास्त ओढ बसली तर आतला पीळ ताणला जातो, म्हणून अडली की मागे घ्या. दोन्ही टोकांना अर्धा-एक मीटर जास्त सोडा. दाराजवळच्या डब्यातून हॉलला एकच केबल जाते ना? मग पाइपमध्ये जागा असेल तर डबा ते हॉल दुसरी केबल टाका, म्हणजे नव्या राऊटरच्या लॅन पोर्टातून ती डब्यात परत येईल आणि तिथे कपलरने (दोन केबल जोडणारा तुकडा) बेडरूमच्या केबलला जोडता येईल. ओएनटीतून थेट बेडरूमला जोडू नका.

चॅनेल_छत्तीस
कंपनीकडून पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीने जोडणीसाठी ठरवलेला क्रमांक) असल्यास तो घ्या. काही कंपन्या जुन्या राऊटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. सगळे बरोबर भरूनही जोडणी होत नसेल तर एक तर तो सोडवायला सांगा, नाही तर नव्या राऊटरमध्ये ‘मॅक क्लोन’ करून जुना पत्ता द्या. त्यासाठी जुना रिसेट करण्याआधीच त्याच्या वॅन पानाचा फोटो काढून ठेवा.