शब्दचर्चा : ‘पेबरनॉदर’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिनी : डेन्मार्कमधील नाताळच्या घरगुती खाद्यपदार्थांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘पेबरनॉदर’ या नावाशी अडले आहे. मैदा, लोणी, साखर, दालचिनी, वेलची, सुंठ आणि पांढरी मिरी यांची ही छोटी, गोल, कडक बिस्किटे. ‘पेबर’ म्हणजे मिरी. परंतु ‘नॉद’साठी बदाम, अक्रोड, काजू या साऱ्यांना कवेत घेणारा रुळलेला शब्द आपल्याकडे नाही. ‘मिऱ्याची कवचफळे’ लिहिले, तर वाचक त्यात नसलेले अक्रोड शोधत बसेल.

चिंचगूळ : ‘मिरबोरे’ लिहावे. आमच्या घरी दिवाळीत गूळ-कणकेची बोरे होतात. त्यांत बोर नसते, म्हणून कोणी फसवणुकीची तक्रार केलेली नाही.

शुद्धमती : बोरे तळतात, ही भट्टीत भाजतात. शिवाय युरोपात एके काळी ‘मिरी’ हा शब्द समुद्रापलीकडून येणाऱ्या महाग मसाल्यांना सरसकट लावीत. तेव्हा ‘मसाला-बिस्किटे’ हेच अर्थाला धरून आहे.

ऑर्हूसकर : ‘मसाला-बिस्किटे’ म्हटले की डोळ्यांपुढे जिऱ्याची खारी येते. इथे डेन्मार्कमध्ये मुले कागदी पट्ट्या विणून केलेल्या लाल-पांढऱ्या हृदयांत पेबरनॉदर भरतात, मुठीत किती आहेत ते ओळखण्याचा खेळ खेळतात. मूळ नावच ठेवा. मला अधिक उत्सुकता आहे ती ‘ब्रूनकेअर’ या तपकिरी नाताळ-बिस्किटांतल्या ‘पोटास्के’ नावाच्या क्षाराचे आपण काय केलेत याची.

अनुवादिनी : पाक, लवंग, बदाम आणि संत्र्याची साल घातलेले ते पीठ थंड जागी मुरवून पातळ कापतात, त्यात पोटास्के थोड्या पाण्यात विरघळवून घालायचे असते. मी ‘पापडखार’ लिहिले आहे.

रसायनी : ताई, तो शब्द बदलावा. पोटास्के म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. त्याला आपल्याकडे जवखार, म्हणजे जवाच्या राखेतून काढलेला यवक्षार, हे जुने नाव आहे. त्याच पाककृतींत येणारे ‘योर्टेटाकसाल्ट’, शब्दशः हरणाच्या शिंगांचे मीठ, पूर्वी खरोखरच शिंगांपासून काढीत. आजचे म्हणजे मुख्यतः अमोनियम बायकार्बोनेट, ज्याला आपले बेकरीवाले नुसते ‘अमोनिया’ म्हणतात. त्याला कृपया नवसागर म्हणू नये, कारण नवसागर हा क्लोराइड आहे.

शुद्धमती : शब्द म्हणून जवखार निर्दोष आहे. मात्र वाचक तो काष्ठौषधींच्या दुकानातून आणील, आणि तिथला माल बिस्किटांत घालण्याइतका शुद्ध असेलच असे नाही. ‘खाद्य पोटॅशियम कार्बोनेट’ असेच छापावे.

चिंचगूळ : मग पाककृती कशाला, प्रयोगवहीच छापा! इतरत्र संस्कृत शब्दांसाठी भांडणारे आपण, अस्सल ‘यवक्षार’ समोर आल्यावर इंग्रजीच्या आश्रयाला गेलात, याची मौज वाटते.

शुद्धमती : पोटात जाणाऱ्या जिन्नसाबाबत मी शुद्धतावादी आहे तो मालाच्या बाबतीत.

रसायनी : दोन्ही छापावेत, जवखार आधी. आणि अदलाबदल चालेल असे सुचवू नये : पोटास्केने पीठ आडवे पसरते, अमोनियाने वर उचलले जाते. अमोनिया पातळ, कोरड्या बिस्किटांतच घालावा, कारण जाड केकमध्ये त्याचा वायू अडकून दर्प राहतो. आणि त्याचे कच्चे पीठ मुलांना चाखू देऊ नये.