मदत हवी आहे : ऑफिसच्या नेटवर फेसबुक बंद, गावाला सूचना कशी पोचवायची?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक ऑपरेटर आहे. ऑफिसच्या नेटवर फेसबुक, यूट्यूब, ब्लॉग काहीच उघडत नाही. कामाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून बंद केलंय, ते पटतं. पण पंचायतीचं पानच फेसबुकवर आहे! नळाला पाणी कधी, ग्रामसभा कुठल्या वारी, पावसात कणकुंबीकडचा रस्ता चालू की बंद, सगळं मी स्वतःच्या मोबाइलवरून टाकते. कन्नड सूचनेखाली मराठीतही लिहिते, कारण वाडीतल्या आजी-आजोबांना कन्नड वाचता येत नाही. उद्या कुणी विचारलं, "परवानगी कुणाची?" तर हातात कागद नाही. याचीच भीती वाटते.

माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(४) सांगतं की माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी. ऑफिसच्या एका संगणकावर फेसबुक चालू करून द्या, असा अर्ज करायचाय; त्याला एवढा आधार पुरेल का? अर्ज पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांकडे द्यायचा की थेट तालुका पंचायतीच्या ईओंकडे (कार्यकारी अधिकाऱ्यांकडे)? बेळगाव, निपाणी भागात कुणी एका संगणकापुरती लेखी सूट मिळवली असेल तर मसुदा पाठवा. कन्नडमधला असला तरी चालेल, मला वाचता येतं.