कामिनीच्या झाडाला जपानी 'निवाकी' (बागेतली झाडं छाटून-वळवून आकार देण्याची पद्धत) वळण कसं द्यावं?

प्रश्न: कोथरूडला अंगणात सात फुटी कामिनी आहे. दर वेळी वरून कात्री फिरवतो. बाहेर हिरवा गोळा, आत नुसत्या काटक्या. पुण्यातल्या जपानी धाटणीच्या पु. ल. देशपांडे उद्यानातल्या झाडांसारखी मोकळी दिसायला काय करावं?

उत्तर १: वरवर कातरणं आधी थांबवा. प्रत्येक कापाखाली दोन-तीन फुटवे येतात, कवच दाट होतं, आत ऊन पोचत नाही आणि आतली पानं गळतात. हवी ती 'सुकाशी', म्हणजे विरळणी. सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसून घ्या. आधी वाळलेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, सरळ वर वा खाली जाणाऱ्या काड्या काढा. टोकाला तीन फुटवे असतील तर मधला जोमदार काढून बाजूचे दोन ठेवा. काप फांदीच्या बुडाच्या फुगीर कड्याबाहेर, पण खुंट न ठेवता. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी नको. आतल्या काटक्यांवर फूट आली की पुढची विरळणी.

उत्तर २: वेळ सांभाळा. फुलांचा बहर ओसरल्यावर, कोरड्या दिवशी छाटा. भर पावसात ओल्या जखमांतून बुरशी शिरते.

उत्तर ३: फांदी आडवी करायची तर कोवळी असतानाच बांबू बांधून काथ्याने हळूहळू ओढा. सालीवर गोणपाटाची पट्टी हवीच, आणि दर महिन्याला गाठ सैल करा, नाहीतर दोरी सालीत रुतते. 'मिदोरीत्सुमी', म्हणजे वसंतात कोवळे शेंडे हाताने खुडणं, हे पाइनचं तंत्र. कामिनीला लावू नका.