चिनी आयांच्या वाट्याला फक्त भूतकाळच का?

रानजाई
चिनी-अमेरिकन लेखिका एमी टॅनची 'द जॉय लक क्लब' (१९८९) ही कादंबरी पुन्हा वाचली आणि या खेपेला चिडचिड झाली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार चिनी आया आणि त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या चार मुली. मुलींना नवरे, घटस्फोट, नोकरी, भांडणं असं आजचं आयुष्य आहे. आयांकडे युद्ध आणि वाटेत सोडाव्या लागलेल्या जुळ्या पोरी. अमेरिकेत चाळीसेक वर्षं काढली, त्यांचं काय? आईचं दुःख हे मुलीला शहाणपण यावं म्हणून वापरलेलं भांडवल वाटतं.

खडूस_वाचक
अहो, त्या चौघींतली लिंडो विसरलात? लग्नाच्या रात्री दोन टोकांनी पेटवलेल्या मेणबत्तीची नवऱ्याच्या बाजूची वात फुंकते, पुढे पूर्वज स्वप्नात आल्याची थाप मारते आणि सासरच्यांकडूनच सुटका करून घेते, वर अमेरिकेला जायचे पैसेही! अमेरिकेत फॉर्च्युन कुकीच्या (आत भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटांच्या) कारखान्यात कामाला लागते आणि कुकीतल्या चिठ्ठीतून लग्नाचं सुचवते. भांडवल कसलं, बाई बिलंदर आहे.
शिवाय मुलींच्या प्रकरणांत आया तुटकं इंग्रजी बोलतात, स्वतःच्या प्रकरणांत अस्खलित. मुलीला न दिसलेली आई वाचकाला दिसते. कादंबरीची सगळी ताकद तिथे आहे.

रानजाई
कुकीचा कारखाना किती पानं? आणि चौथी आई सूयुआन? ती कादंबरीच्या आधीच मेलेली. माहजाँग या चिनी खेळाच्या टेबलावर तिच्या जागी मुलगी बसते, गोष्टही मुलगीच सांगते.

उंटावरचा_शहाणा
चिनी-अमेरिकन लेखक फ्रँक चिनचा आक्षेप तर याहून कडक होता: या चिनी कथाच खोट्या. तशीच दुसरी लेखिका मॅक्सीन हाँग किंग्स्टनने 'द वूमन वॉरियर'मध्ये (१९७६) यूए फेई या सेनापतीच्या पाठीवर गोंदलेली अक्षरं दंतकथेतल्या लढवय्या मुलानच्या पाठीवर नेली. चिनी पुरुष जुलमी दाखवले की गोरा वाचक खूश.

खडूस_वाचक
पुरुष सपाट आहेत, टॅनचे तर नक्कीच. पण मुलानचं काय? निवेदिका आईच्या गोष्टी ऐकत वाढलेली पोर आहे, तिच्या डोक्यात सरमिसळ होणारच. जात्यावरच्या ओव्यांतली सीता वाल्मीकींना विचारून रडत होती का?

न्यूजर्सीची_काकू
जरा इतिहास बघा. १८७५च्या पेज कायद्याने चिनी बायकांना येणं अवघड केलं, १८८२च्या कायद्याने मजुरांना बंदी. १९४३मध्ये बंदी उठली, तीही वर्षाला १०५ जणांच्या कोट्यापुरती. चिनी बायका मोठ्या संख्येने आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच. युद्ध बघून आलेली बाई युद्धच सांगणार ना? टॅनची स्वतःची आई तीन मुली चीनमध्ये ठेवून आली होती. याला साचा म्हणणं मला निष्ठुरपणाचं वाटतं.
आणि गिश जेन वाचा. 'मोना इन द प्रॉमिस्ड लँड'मध्ये (१९९६) चिनी घरातली मुलगी चक्क ज्यू होते! आईबाप पॅनकेकचं हॉटेल चालवतात. रडारड कमी, धमाल जास्त.

रानजाई
काकू, इतिहासाचं पटलं. पण १९६५नंतर कायदा बदलला, वेगळ्या आया आल्या. तरी पुस्तकांत मान त्याच जुन्या आईला! मोनाही शेवटी मुलीचीच गोष्ट. त्यापेक्षा 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' (२०२२) हा सिनेमा बघा: लाँड्री, आयकराची कटकट, म्हातारा बाप, आणि नायिका आईच.

उंटावरचा_शहाणा
आणि तिथलंही महायुद्ध कोणाशी? मुलीशीच!