कॅमेरा उघडला की भरलेला अर्ज पुसला जातो : ३ जीबी रॅमच्या फोनसाठी मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या वडिलांच्या फोनसंबंधी आपला सल्ला हवा आहे. प्रश्न जरा तपशिलाने मांडते, कारण ‘फोन स्लो आहे’ एवढेच सांगितले की ‘नवा घ्या’ हेच उत्तर येते, आणि यंदा तरी आम्हाला ते परवडणारे नाही.

बाबा निफाड तालुक्यात शेती करतात. गेल्या दिवाळीत त्यांनी साडेसात हजारांच्या आतला हा फोन घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६ जीबी रॅम असे छापले आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत ३ अधिक ३ अशी फोड दिली आहे. म्हणजे खरी रॅम ३ जीबीच आहे. बाकीची ३ जीबी साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली आहे. बारीक अक्षरे वाचू न शकणाऱ्या माणसाला हे दुकानात कोणी समजावून सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. साठवण ६४ जीबी, ईएमएमसी प्रकारची आहे आणि अँड्रॉइड १३ ची गो, म्हणजे कमी रॅमच्या फोनांसाठीची हलकी आवृत्ती आहे. बॅटरी दोन दिवस पुरते आणि मोटर चालू असतानाही रिंग ऐकू येते, त्यामुळे बाबांची फोनबद्दल एरवी काही तक्रार नाही.

खरी अडचण ऑगस्टमध्ये सुरू झाली. खरिपाची ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून ॲपवर नोंदवायची असते. ही पद्धत महाराष्ट्रात २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आहे, आणि सातबाऱ्यावर पीक लागले नाही तर पुढे विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने विक्री अशा सगळ्याच ठिकाणी अडते. मागच्या रविवारी मी गावी गेले होते, म्हणून बाबांबरोबर सोयाबीनच्या बांधावर उभी राहिले. वरून भुरभुर चालू होती. बाबा उपरण्याच्या टोकाने पडदा पुसत खाते, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख असे एकेक भरत होते. शेवटी छायाचित्राचे बटण दाबले, कॅमेरा उघडला, फोटो निघाला, बरोबरची खूण दाबली, आणि ॲप एकदम पहिल्या पानावर जाऊन उभे राहिले. भरलेले काहीच शिल्लक नव्हते. असे ओळीने चार वेळा झाले.

ॲपमध्ये दोष नाही हे मी खात्री करून सांगते, कारण त्याच बांधावर माझ्या चुलतभावाच्या फोनवरून त्याच्या गटाची नोंद पहिल्याच खेपेला झाली. शिवाय बाबांच्या फोनवर हाच प्रकार इतरत्रही होतो. बँकेच्या पानावर ओटीपी मागितला की ते मेसेज पाहायला जातात आणि परत येईपर्यंत पान पुन्हा सुरुवातीपासून उघडते. आकडे पाठ करून न हलता टाकले तरच व्यवहार पूर्ण होतो.

आतापर्यंत मी पुढील गोष्टी करून पाहिल्या आहेत. सेटिंग्जमध्ये साठवण पाहिली तर ६४ पैकी जेमतेम ४ जीबी मोकळी होती. भरलेल्या जागेतला मोठा भाग व्हॉट्सॲपच्या गटांमधून आपोआप उतरलेल्या व्हिडिओंचा होता. व्हॉट्सॲपच्या साठवण व्यवस्थापनात जाऊन ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली निवडून काढल्या, फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद केले, आणि आता १९ जीबी मोकळी आहे. त्यामुळे कीबोर्ड उमटायला लागणारा वेळ निश्चित कमी झाला, पण अर्ज पुसला जाणे थांबले नाही. फोन बंद करून चालू केला, ॲप काढून पुन्हा घातले, तरी फरक नाही. मे महिन्यात बाबांनी तालुक्याच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडून फोन ‘हलका’ करून घेतला होता. त्याने नेमके काय केले ते त्यांना ठाऊक नाही, पण तेव्हापासून सेटिंग्जमध्ये ‘डेव्हलपर पर्याय’ असे एक नवे पान दिसते.

हा केवळ कमी रॅमचा परिणाम आहे की आणखी काही बिघडले आहे, आणि पाहणीची मुदत संपण्यापूर्वी घरच्या घरी काही करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, आपण शेवटी सांगितलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आधी हे का होते ते सांगतो. अँड्रॉइडमध्ये कॅमेरा उघडला की तो समोर येतो आणि अर्जाचे ॲप मागे जाते. रॅम अपुरी पडू लागली की प्रणाली मागे असलेल्यांपैकी कोणाला तरी बंद करून समोरच्याला जागा देते. कॅमेरा हा मेमरी भरपूर खाणारा असल्यामुळे ३ जीबीच्या फोनवर, जिथून आपण कॅमेऱ्यात गेलो ते ॲपही बळी जाऊ शकते. परत आल्यावर ते नव्याने सुरू होते, आणि बनवणाऱ्याने मधली माहिती जपून ठेवण्याची सोय केलेली नसेल तर अर्ज कोरा दिसतो.

परंतु हा प्रकार कधी घडतो, कधी घडत नाही. आपल्याकडे तो दर वेळी, नुसता मेसेज पाहायला गेले तरी घडतो आहे. मेसेजचे ॲप इतकी जागा मागत नाही. म्हणून माझा संशय डेव्हलपर पर्यायांवर आहे. त्या पानाच्या बऱ्याच खाली, ‘ॲप्स’च्या विभागात, ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाचे एक बटण असते. मराठीत ते ॲक्टिव्हिटी न ठेवण्याविषयी काहीतरी असे दिसेल. ते चालू असेल तर आपण एखाद्या पानावरून बाजूला होताच प्रणाली ते पान मोडून टाकते, मग रॅम कितीही मोकळी असो. ॲप बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेली ही सोय आहे. पण मेमरी वाचते अशा समजुतीने काही जण ती ग्राहकांच्या फोनवरही चालू करून ठेवतात. ते बटण बंद करा. त्याच विभागात पार्श्वभूमीतील प्रक्रियांची मर्यादा आहे, ती ‘प्रमाणित’ असू द्या. ती फोन बंद-चालू केल्यावर मूळ पदावर येते, त्यामुळे तुमच्या बाबतीत ती दोषी नसावी. पहिले बटण मात्र रीस्टार्टनंतरही तसेच राहते.

उसन्या रॅमबद्दलही सांगतो. ईएमएमसी ही यूएफएस या वेगवान साठवणुकीच्या मानाने संथ असते आणि तिच्यावर वाचणे व लिहिणे एकाच वेळी होत नाही. म्हणून तिथे हलवलेली माहिती परत आणताना फोन अडखळतो. ती सोय ३ वरून १ जीबीवर आणून दोन दिवस वापरून पाहा. पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण मग मागची ॲप्स आणखी लवकर बंद होतील.

धागाकर्तीचे उत्तर

आपले आभार कसे मानावेत हे कळत नाही. मी पुण्यात परतले होते, त्यामुळे रात्री शेजारच्या काकांच्या फोनवरून बाबांना वाट दाखवली. ते पान फार लांबलचक आहे. बाबा एकेक ओळ मोठ्याने वाचत होते आणि मी इकडे ‘पुढे, पुढे’ म्हणत होते. एकही बटण चुकून दाबले जाऊ नये म्हणून त्यांनी बोटाऐवजी पेनाच्या टोपणाने पान सरकवायचा प्रयत्न केला, पण पडदा हलेना. मग करंगळीने सरकवले. जवळजवळ तळाशी ते बटण सापडले, आणि ते चालू होते. बंद केल्यावर लगेच बँकेच्या पानावरून मेसेजमध्ये जाऊन परत येऊन पाहिले. पान होते तसेच होते.

दुरुस्तीवाल्याला मी फोन करून विचारले. त्याने ते बटण मेमरी मोकळी राहावी या हेतूनेच लावले होते आणि असा परिणाम होतो हे त्याला माहीत नव्हते. आणखी काही ग्राहकांचे फोन त्याने असेच केले आहेत. ते बोलावून पूर्ववत करून देतो, असे तो म्हणाला. ही गोष्ट मुद्दाम लिहिते आहे, कारण आसपासच्या गावांत ज्यांचे अर्ज असेच पुसले जात असतील त्यांनी हे बटण आधी तपासावे.

काल सकाळी बाबांनी सोयाबीनच्या गटाची नोंद केली. पहिल्या खेपेला अर्ज पुन्हा एकदा गेला, मात्र त्या वेळी मागे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ चालू राहिला होता. म्हणजे आपण म्हणता ती खरी रॅमची टंचाईही आहेच. मग त्यांनी फोन बंद करून चालू केला, दुसरे काहीही न उघडता थेट पाहणीचे ॲप उघडले, आणि फोटो काढून परत आल्यावर सगळी माहिती जागेवर होती. उसनी रॅम १ जीबीवर आणली आहे. कॅमेरा पूर्वीपेक्षा लवकर उघडतो, पण व्हॉट्सॲपवर परत गेले की ते नव्याने उघडते. बाबांना त्याचे काही वाटत नाही, तेव्हा तसेच ठेवणार आहोत.

एक शंका राहिली आहे. डेव्हलपर पर्यायांचे ते पान वरच्या मुख्य बटणाने पूर्ण बंद केले, तर दुरुस्तीवाल्याने कमी करून ठेवलेला ॲनिमेशनचा, म्हणजे पाने सरकत उघडण्याचा, वेळही मूळ पदावर जाईल का? अर्ध्यावर आणलेल्या ॲनिमेशनमुळे पाने चटकन उघडल्यासारखी वाटतात आणि तेवढे बाबांना हवे आहे. पण ते पान उघडे राहिले तर उद्या पुन्हा कोणी त्यात हात घालील अशी मला भीती वाटते. कांद्याच्या रोपाचा गट अजून नोंदवायचा आहे. पाऊस उघडला की बाबा शनिवारी तिकडे जाणार आहेत, त्याआधी कळले तर बरे होईल.