वंशावळ दुसऱ्या संकेतस्थळावर नेली. शकाच्या तारखा बिघडल्या

प्रश्न: घराण्याची सामायिक वंशावळ जेडकॉम 5.5.1 फाइलमधून (वंशावळी एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल-प्रकार, आवृत्ती 5.5.1) हलवली. शके 1820 चा जन्म इ.स. 1820 झालाय, दत्तक मुलगा औरस दिसतोय, लांब टिपांत मध्येच चौकोन आलेत. सगळं हाताने दुरुस्त करायचं का?

उत्तर 1: अजिबात नको. जुनी फाइल सुधारून पुन्हा चढवा, पण आधीची आयात पुसून. नाहीतर प्रत्येक माणूस दोनदा येईल. जेडकॉममध्ये शकाची सोयच नाही. शकात 78 मिळवा, 1 जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखांना 79. महिना ठाऊक नसेल तर ‘1898 ते 1899 दरम्यान’ असं लिहा आणि मूळ तिथी टिपेत जशीच्या तशी ठेवा. ती पुसली की पडताळायला काहीच उरत नाही.

उत्तर 2: चौकोनांचं कारण वेगळं. 5.5.1 मध्ये ओळीला 255 अक्षरांची मर्यादा आहे, काही प्रोग्राम मात्र बाइट मोजतात. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं, त्यामुळे ओळ तोडताना ते मधोमध चिरतं. जुना प्रोग्राम जेडकॉमच्या 7.0 आवृत्तीत फाइल देत असेल तर तीच घ्या. त्यात ही मर्यादा नाही.

उत्तर 3: दत्तकाची नोंद मुलाच्या कुटुंब-दुव्याखाली ‘पीईडीआय’ खुणेत असते. ती गळली की दत्तक वडील जन्मदाते ठरतात. जनक घराण्याचा दुवाही तपासा. फोटोंचं म्हणाल तर 5.5.1 मध्ये फक्त फोटोच्या फाइलचा पत्ता जातो, चित्रं वेगळी उतरवा.